खुलासा: फोटो कॉपी झाले म्हणजे एडिटिंगही आलं, असं नाही
लग्नसराईच्या तोंडावर लातूर-नांदेडकडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘रॉ फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवर टाका, लाइटरूमचं एडिटिंग त्यातच येतं.’ साफ चूक. लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर एडिटिंग रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलमध्ये, लिहीत नाही. ते कॅटलॉगमध्ये, म्हणजे ‘.एलआरकॅट’ (.lrcat) फाइलमध्ये राहतं. प्रोग्राम बंद करून ती आणि शेजारची ‘.एलआरकॅट-डेटा’ (.lrcat-data) दोन्ही घ्या. दुसरी राहिली तर एआय मास्क (चेहरा, आकाश असा एआयनं वेगळा निवडलेला भाग) पुन्हा काढत बसाल. बंद करताना विचारतात तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा, फोटो त्यात नसतात. शिवाय जागा बदलली नाही, तर तो कॅटलॉगशेजारीच पडतो. डिस्क गेली की दोन्ही गेले! एक्सएमपी (रॉ फोटोशेजारच्या छोट्या फाइलीत एडिटिंग लिहिण्याची सोय) चालू केलं तरी व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोचं दुसरं एडिटिंग), कलेक्शन (फोटोंचे गट) त्यात येत नाहीत. ऐन कॉपीत लाइट गेली, तर फाइलींची संख्या आणि साइज जुळवून, चार-दोन फोटो उघडून बघा, मगच कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करा.