रंग मारण्याआधी

गेला महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांच्या १९६९ सालच्या फियाटवरून वाद पेटलाय. दादाचं म्हणणं, अंगणातली जागा अडते, भंगारवाल्याला बोलवा. चुलतबहीण म्हणते, नवा रंग, नवी सीट, एसी टाका आणि लग्नसराईत भाड्याने द्या. मी सॅक्रामेंटोहून दोन्हींना नको म्हणतोय आणि ‘तुला तिथून बोलायला काय जातंय’ हे ऐकून घेतोय. ते बरोबरच आहे. उंदरांनी वायरिंग कुरतडलं की धावपळ दादाची होते. तरी माझं म्हणणं नीट मांडतो, कारण ते एका गाडीसमोर उभं राहून पक्कं झालंय.

इथून अडीच तासांवर रीनोला नॅशनल ऑटोमोबाईल म्युझियम आहे. तिथे १९०७ची थॉमस फ्लायर उभी आहे. आजूबाजूच्या गाड्या आरशासारख्या चकचकीत, आणि ही मळकट, बिनछपराची, ओरखडलेली. १२ फेब्रुवारी १९०८ला न्यूयॉर्कहून पॅरिसच्या शर्यतीत सहा गाड्या निघाल्या. ही एकटी अमेरिकन. बर्फ, चिखल, जपान, सैबेरिया करत ३० जुलैला ती पॅरिसला पोचली. जर्मन प्रोटोस चार दिवस आधी आली होती, पण काही अंतर तिने रेल्वेने कापलं होतं, म्हणून जिंकली फ्लायर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाडीबरोबर राहिला तो एकच माणूस, बफेलोच्या कारखान्यातला मेकॅनिक जॉर्ज शुस्टर.

आणि एवढं करून गाडीच्या वाट्याला काय आलं? १९१२ला कंपनी बुडाली आणि पुढच्या वर्षी लिलावात इतर सामानाबरोबर तीही विकली गेली. बफेलोच्या एका वृत्तपत्रवाल्याने घेतली. तिथून ती लाँग आयलंडच्या हेन्री ऑस्टिन क्लार्क यांच्या संग्रहात गेली आणि १९६४ला रीनोच्या कॅसिनोवाल्या बिल हॅरा यांनी विकत घेतली. पण ही तीच गाडी, हे ठरवायचं कसं? हॅरांनी नव्वदीच्या शुस्टरना बोलावलं. ते आधी साशंक होते. गाडी खोलल्यावर शर्यतीत स्वतःच्या हाताने केलेल्या दुरुस्त्या त्यांना दिसल्या, आणि मगच त्यांनी मान डोलावली. कुणी मधे ‘नीट’ करून घेतली असती तर पुरावाच गेला असता. हॅरांकडे गाड्या नव्यासारख्या करणारं मोठं वर्कशॉप होतं. तरी ही गाडी त्यांनी पॅरिसला पोचली होती तशीच केली.

अमेरिकेत सगळं जपतात, असा याचा अर्थ नाही. १९७८ला हॅरा गेले, त्यांचा धंदा एका हॉटेल कंपनीने घेतला आणि संग्रहातल्या शेकडो गाड्या लिलावात निघाल्या. लोक खवळले, तेव्हा काही वाचल्या आणि त्यांतून हे म्युझियम उभं राहिलं. पैसा दोन्हीकडे सारखाच बोलतो.

उलट आपल्याकडचा २०२१चा विंटेज वाहनांचा नियम मला खरोखर चांगला वाटतो. पन्नास वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आधी नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो. मात्र ती धंद्याला लावता येत नाही, तेव्हा ताई, लग्नाच्या भाड्याचा विचार तिथेच संपतो. दादा, झाकायचा आणि वायरिंगचा खर्च यापुढे मी देईन.

फक्त पुढचा डावा मडगार्ड कुणाला ठोकू देऊ नका. घाटात बस घासली होती, तेव्हा मिस्त्रींनी पत्र्याचा तुकडा बसवला. हात फिरवला तर जोड अजून लागतो. काकांच्या पत्र्याच्या डब्यात आरसी बुक आणि त्या कामाची पावती आहे, ती आधी प्लास्टिकमध्ये घाला. मिस्त्री आता ऐंशीचे असतील. येत्या रविवारी दादा, त्यांना रिक्षाने घरी आण, गाडीजवळ खुर्ची टाक आणि कुठे काय काय जोडलंय ते त्यांच्या तोंडून लिहून घे.