गँगमनच्या साठीचं काय?

केंद्राचं निवृत्तीवय 62 होणार, ही बातमी गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतच असते. 1998 पासून ते 60 च आहे, तरी वाद रंगतो. मग नारायण मूर्तींचे आठवड्याला कामाचे 70 तास निघतात, एल अँड टीच्या अध्यक्षांचे 90 निघतात. मी धामणगाव रेल्वेकडचा, सध्या फ्रँकफर्टजवळ. वाद घालणारे आम्ही बहुतेक सगळे खुर्चीत बसून पगार घेणारे.

माझे चुलतभाऊ वर्धा-बडनेरा पट्ट्यात कीमन आहेत, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या गँगमनांपैकीच एक. हातोडा, पाना, झेंडे आणि धोक्याचे फटाके घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा. मे महिन्यात पारा 45 वर गेला की रूळ त्याहून कितीतरी जास्त तापतो, अन् सलग जोडलेला रूळ वाकायची भीती असते. म्हणून गस्त नेमकी भर दुपारी, जेव्हा गावात कुत्रंही सावली सोडत नाही. दादा म्हणतात, "मी चालीन बाबू, पन हे गुडघे चालू देतीन तं खरं."

इथे जर्मनीत रेल्वेचालकांच्या जीडीएल संघटनेने मार्च 2024 मध्ये करार पदरात पाडला: पाळीत काम करणाऱ्यांचे आठवड्याचे 38 तास 2029 पर्यंत टप्प्याटप्प्याने 35 वर, पगार न कापता. त्याआधीच्या संपांत फलाटावर कुडकुडत मीही त्यांना शिव्या घातल्या. पण लगेच हुरळून जायला नको. 1964 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं इथलं निवृत्तीवय 67 आहे. 45 वर्षं वर्गणी भरलेल्याला 65 ला कपातीविना सुटता येतं, एवढंच. आणि वयाचा विषय निघाला की छपरावर चढून कौलं घालणाऱ्याचं काय, हा प्रश्न इथे हमखास येतो. आपल्या वादात गँगमन असा येतच नाही.

आपला 1989 चा रेल्वे कायदा तासांची वर्गवारी करतो: अतिताणाच्या कामाला आठवड्याला सरासरी 45, सलग कामाला 54, आणि अधूनमधून कराव्या लागणाऱ्या कामाला कमाल 75. आडगावच्या फाटकावरचा गेटमन बहुधा या शेवटच्या खात्यात, बारा-बारा तास. दोन गाड्यांच्या मधे तो निवांत असतो, असा हिशेब. रात्री दोन वाजता फोनकडे कान लावून बसणं ज्याला निवांत वाटतं, त्याने एक पाळी करून पाहावी.

पूर्वी एक वाट होती. पन्नाशी ओलांडलेल्या गँगमनने नोकरी सोडली की ती पोराला मिळायची. समान संधीच्या मुद्द्यावर न्यायालयाने बोट ठेवलं आणि 2017 मध्ये ती योजना थांबली. थांबली ते बरंच झालं. बापाच्या गुडघ्यांच्या मोबदल्यात पोराची नोकरी हा काही न्याय नव्हे. पण तिच्या जागी काही आलं नाही. एप्रिल 2025 पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर स्वेच्छेने निवृत्त होता येतं, पण खात्रीची पेन्शन सुरू होते ती 60 पूर्ण झाल्यावरच. मग 53 व्या वर्षी गुडघे गेलेल्या कीमनने सात वर्षं खायचं काय? रुळावर काम करणाऱ्यांपुरती तरी ही अट काढा, नोकरी सोडल्या महिन्यापासून पेन्शन द्या. खर्च वाढेल, वाढू द्या. त्या जागांसाठी रेल्वेभरतीचे फॉर्म भरणाऱ्या पोरांचा आपल्याकडे काही दुष्काळ नाही.