दोष नेटचा नव्हता

गेल्या वर्षी गणपतीला देवगडात घरी पोचलो, तेव्हा माझा पुतण्या पडवीच्या पायरीवर मोबाइल उंच धरून उभा होता. "काका, नेट गावना नाय," म्हणाला. पावसाळ्यात आमच्याकडे हे वाक्य रोजचंच. आदल्या आठवड्यात त्यानं कणकवलीच्या एका दुकानातून गेमची डिस्क आणली होती, १,२०० रुपयांना. पैसे त्याचे स्वतःचे, मे महिन्यात काजूच्या बिया वेचून, विकून साठवलेले. मुंबईच्या आत्येभावानं दिलेला, टीव्हीला जोडून गेम खेळायचा जुना कन्सोल होता. त्यात डिस्क घातली, गेम भरायला दीड तास गेला आणि मग पडद्यावर एकच ओळ आली: सर्व्हरशी संपर्क होत नाही.

त्यानं वायफायचा डबा माळ्यावर नेऊन ठेवला. मग वडिलांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. लाइट गेली, आली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. वरच्या सड्यावर रेंज बरी मिळते, तर टीव्ही आणि कन्सोल तिकडे नेता येईल का, हेही विचारून झालं होतं. तीन दिवस तो हेच करत होता.

मी पाकीट हातात घेतलं. मागच्या बाजूला, बारकोडशेजारी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की खेळायला इंटरनेट लागेल आणि ऑनलाइन सेवा कंपनी बंद करू शकते. मोबाइलवर शोधलं तर त्या गेमचे सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारे कंपनीचे संगणक, वर्षभरापूर्वीच बंद झालेले. सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मगे इकल्यानी कित्याक?"

मग विकली कशाला, या त्याच्या प्रश्नासाठीच हे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कणकवलीला गेलो. दुकानदार भला माणूस. "बंद पाकिटातलो माल, मी तो उघडून कसो बघू?" हे त्याचं म्हणणं मला पटलं. वितरकानं गठ्ठा पाठवला, त्यानं काचेच्या कपाटात लावला. पण फोडलेलं पाकीट परत घेत नाही, असा त्याचा नियम. डिस्क चालते की नाही हे बघायला पाकीट फोडावंच लागतं आणि फोडलं की पैसे गेले. त्याच गेमच्या आणखी दोन डिस्क कपाटात होत्या. मी सांगितल्यावर त्यानं त्या काढून गल्ल्याखाली ठेवल्या. पुढे त्यांचं काय झालं, हे मी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी भजनाला मंडळी जमली तेव्हा गेमचाच विषय निघाला, पण वेगळ्या अंगानं. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेत मंजूर होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, रमीच्या जाहिराती थांबणार, म्हणून सगळे समाधानी होते. मीही होतो. मोबाइलवरच्या पत्त्यांनी घरं कशी बसतात, हे आमच्या वाडीनं पाहिलं आहे. मात्र पुतण्याची हकिगत सांगितली तेव्हा उत्तर आलं, "बरा झाला, आता तरी अभ्यास करीत." मला वाईट वाटलं. त्या मुलानं जुगार खेळला नव्हता. रोख पैसे मोजून वस्तू घेतली होती आणि वस्तू निकामी निघाली. मिक्सर असा निघाला असता, तर हीच मंडळी त्याच रात्री दुकानदाराला फोन लावून बसली असती. गेम हा शब्द आला की आपल्याकडे बोलणं व्यसन, जुगार, डोळ्यांचा नंबर एवढ्यावरच फिरतं, आणि विकत घेणारा मुलगा गिऱ्हाईक आहे हे कुणाच्या मनातच येत नाही.

मी अकरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला राहतो. इथे हा वाद गिऱ्हाइकाच्या बाजूनं चालू आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्यानं खेळायचा भागही त्याबरोबर गेला. ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्या हाती प्लॅस्टिक राहिलं. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघात नागरिकांनी १० लाख सह्या जमवल्या तर युरोपीय आयोगाला उत्तर द्यावं लागतं. जुलै २०२५ मध्ये तो आकडा पार झाला. मागणी एवढीच की सर्व्हर बंद करताना गेम खेळण्याजोगा राहील अशी सोय करून जा. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे मला सही करता आली नाही. ऑफिसातल्या चार जणांना मात्र मी करायला लावली.

कुणी म्हणेल, कंपनीनं काय जन्मभर सर्व्हर चालवायचे? नाही, आणि तसं मीही म्हणत नाही. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात. पण बंद करायचंच ठरलं तर नीट करता येतं. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला, चालला नाही आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. कंपनीनं विक्री थांबवली आणि घेतलेल्यांचे पैसे परत केले. 'द क्रू'च्या पुढच्या भागाला खुद्द युबिसॉफ्टनं २०२५ मध्ये इंटरनेटशिवाय खेळायची सोय दिली. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: डिजिटल वस्तू विकताना, तुम्ही मालकी घेत नसून परवाना घेत आहात, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. मला हे अपुरं वाटतं. परवाना घेतो आहे हे कळलं, पण तो कधीपर्यंत चालेल ते कुठे कळलं?

इथेही सगळं आलबेल नाही. गेल्या महिन्यात घराजवळच्या जुन्या मालाच्या दुकानात, दाराशी ठेवलेल्या टोपलीत, पुतण्याच्याच गेमच्या चार डिस्क दिसल्या, प्रत्येकी ३ युरो. गल्ल्यावरच्या बाईंना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि चारही उचलून आत नेल्या. त्या बाई कणकवलीच्या दुकानदारापेक्षा जास्त प्रामाणिक आहेत, असं मी म्हणणार नाही. विकलेल्या वस्तूचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्या दुकानदाराला ना वितरकानं काही कळवलं, ना कधी कुणी जाब विचारला.

आणि जाब विचारणं आपल्याला नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. आमच्या देवगडातच बघा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावानं विकला जातोच. त्यावर दर हंगामात किती बैठका होतात, किती निवेदनं जातात! पेटीवर जे लिहिलंय तेच पेटीत असलं पाहिजे, यावर आमच्याकडे दुमत नाही. माझे वडील पेटी भरताना वरच्या थराला जे फळ, तेच पेंढ्याखालच्या थरालाही लावायचे आणि ते आम्हाला दाखवून करायचे. गेमच्या पाकिटाला मी तोच नियम लावतो आहे. वर शर्यतीचं नाहीतर लढाईचं चित्र आणि आत चालूच न होणारी डिस्क, याला आंब्याच्या बाजारात काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि गिऱ्हाईक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत असते. १,२०० रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं भाऊ म्हणाला. त्या १,२०० रुपयांत किती काजूच्या बिया होत्या, हे त्यानं मुलालाच विचारावं, असं मी त्याला सांगितलं.

या गणपतीला पुतण्याला घेऊन पुन्हा त्या दुकानात जाणार आहे. बंद झालेल्या गेमची यादी छापून नेतो आहे. वितरकाशी बोलायला दुकानदाराच्या हातात कागद हवा. आमची तक्रार वितरकावर आणि गेम काढणाऱ्या कंपनीवर. मसुदा मराठीत लिहून झाला आहे. पावती वहिनीनं देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवली आहे.