‘दोन वेटोळी कापा’ म्हणणाऱ्यांना

नागपुरातल्या बंदूक परवानाधारकांच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला फिरतोय. सेमी-ऑटो बारा बोरमध्ये (प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप घेणाऱ्या बंदुकीत) काडतूस भरताना अंगठा दुखतो? मॅगझीनच्या, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या ट्यूबच्या, स्प्रिंगची दोन-तीन वेटोळी कापा, लिफ्टर (काडतूस उचलून नळीच्या तोंडाशी नेणारा भाग) कानशीनं घासा, ट्यूबमध्ये ग्रीस भरा. चॅम्पियन लोक हेच करतात, आणि बंदूक तुमचीच असल्यानं कुणाला विचारायची गरज नाही.

स्प्रिंगपासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथं आहे. बार उडाला की बंदूक झटक्यानं मागं येते, पण ट्यूबमधली काडतुसं जागीच राहू पाहतात. म्हणजे बंदुकीच्या मानानं ती पुढं सरकतात आणि स्प्रिंग दाबतात. त्यांना क्षणात परत मागं लोटून पुढचं काडतूस लिफ्टरवर पोचवायचं, हे त्या स्प्रिंगचं काम. भरताना शेवटचं काडतूस सर्वांत जड जातं, कारण तेव्हा ती सर्वांत जास्त दाबलेली असते. ती कापली तर भरणं हलकं होईल, हे खरं. पण ट्यूब रिकामी होत आली की तिच्यात जोरच उरणार नाही आणि राहिलेलं एखादं काडतूस आतच बसून राहील. नवी स्प्रिंग वापरानं आपोआप थोडी बसते, तेवढा धीर धरायला काय हरकत आहे?

कापण्याआधी मॅन्युअल उघडायचं मात्र कुणाला सुचत नाही. रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुकीत बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) पुढं असताना खालचं बटण दाबल्याशिवाय काडतूस आत जातच नाही. तिथं जोर लावणं म्हणजे कडी लावलेल्या दाराला खांदा देणं. ट्यूबमध्ये काडतुसांची संख्या कमी करणारा प्लग असेल, तर तोही बघा. आणि काडतूस पूर्ण आत, खटका वाजेपर्यंत दाबा. अर्धवट ढकललं की ते मागं सरकून अडकतं आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात. या सगळ्याचा सराव डमी काडतुसांवर करा, खऱ्या काडतुसांवर नाही.

लिफ्टरबद्दल त्या सल्ल्यात एक दाणा खरा आहे. भरायच्या तोंडाची धार काही बंदुकांत खरंच बोचते, आणि बारीक पॉलिश पेपरनं ती मोडणं हे जाणकार मिस्त्रीचं रोजचं काम. पण लिफ्टरचा आकार बदलला की काडतूस नळीच्या तोंडाशी ज्या कोनात यायला हवं, तो कोन बिघडतो. घासलेलं परत चिकटवता येत नाही. शिवाय बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वरचा संरक्षक थरही जातो, मग आपल्या पावसाळ्यात बघा गंमत.

ग्रीस? नागपूरच्या मे महिन्यातली धूळ आणि ४५ अंशांचं ऊन ज्यानं पाहिलंय तो असं म्हणणार नाही. ट्यूब पुसून कोरडी करा, तेलाचा पुसटसा हात फिरवा, बस.

आता चॅम्पियन. ट्रॅप-स्कीटच्या, म्हणजे उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या, आंतरराष्ट्रीय नियमांत सेमी-ऑटो चालते, पण मॅगझीनमध्ये एकापेक्षा जास्त काडतूस मावणार नाही असं ते बंद करावं लागतं. भराभर भरण्याचा प्रश्नच कुठं येतो? लिफ्टरवर काम करून घेणारे नेमबाज दुसऱ्या खेळातले. तिथं घड्याळ लावून धावत-धावत एका हातानं चार-चार काडतुसं भरतात.

‘कुणाला विचारायची गरज नाही’ हे तर सरळ धोकादायक आहे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतर दोन्हींना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. तुमच्या हातातला परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. पुसणं-तेल देणं वेगळं, कानस चालवणं वेगळं.

राहिले बाकीचे, कारण हा सल्ला दुनळीवालेही पुढं पाठवतायत. दुनळीत मॅगझीनच नाही, तरी ‘काडतूस सहज गेलं म्हणजे बंदूक ठीक’ हे डोक्यात बसतं. जुन्या मालगुजारी घरांतल्या काही विलायती दुनळ्यांचे चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिमीचे असतात. ७० मिमीचं काडतूस त्यात अगदी सहज बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाल्यावर ते उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. अशी बंदूक घरात असेल तर तिच्यात काहीही भरण्याआधी परवानाधारक गन हाऊसकडून चेंबर मोजून घ्या. सेमी-ऑटोवाल्यांनीही तिथंच जावं, परवाना सोबत घेऊन, आणि कामाची पावती मागून घ्यावी.