आपली पोरं टिकत नाहीत? आधी मस्टर काढून बघा

दिवाळी झाली की दरवर्षी एक मेसेज लघुउद्योजकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. मला तो चार ठिकाणांहून आला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या व्हेंडरांच्या (मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्यांच्या) ग्रुपवर, जालन्याच्या मित्राकडून, लातूरला डाळमिल चालवणाऱ्या मावसभावाकडून आणि शेवटी आमच्या भावकीच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: "मराठवाड्यातल्या पोरांना कष्ट नकोत. पेरणी, लग्न, जत्रा, कशाचंही निमित्त काढून खाडे करतात. बाहेरचा कामगार सुट्टी मागत नाही. आपल्या पोराला शिकवलं की पळतो, म्हणून शिकवू नका. माणसं वीसच्या आत ठेवा, कागद करू नका, कुणाची पाच वर्षं भरू देऊ नका. उचल देऊन बांधून ठेवा, तरच धंदा चालेल."

वाळूजला माझं शीटमेटलचं, म्हणजे पत्र्याचे पार्ट बनवायचं, शेड आहे. पाच पॉवर प्रेस, दोन वेल्डिंग मशीन, सतरा माणसं. हा मेसेज नवीन शेड टाकणारा पंचविशीतला मुलगाही वाचतो आणि पहिल्या दिवसापासून आपल्याच माणसांकडे संशयानं बघायला लागतो. मला त्याचा राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कष्ट नकोत." दसरा-दिवाळीच्या सुमाराला गेवराई, वडवणी, धारूर, पाटोदा भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि अपरात्री गाडी भरायला बोलावलं तरी उठायचं. ही माणसं कोणत्या मुलखातली? पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या गेटवर सकाळी उभं राहा आणि गाव विचारा. परभणी, हिंगोली, नांदेड ऐकू येईल. तीनशे-चारशे किलोमीटरवर खोली करून राहणारा पोरगा आपल्या तालुक्याजवळच्या शेडमध्ये टिकत नसेल, तर दोष रक्तात शोधण्यात अर्थ नाही.

आता खाड्यांचं बघू. या मुद्द्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो नीट उलगडायला हवा. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी आधीच्या तीन वर्षांचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, घेऊन बसलो. लाल पेन घेतला आणि जिथं जिथं खाडा, तिथं एक ठिपका देत गेलो. अर्ध्या तासात पानांवर एक नक्षी दिसायला लागली. ठिपके वर्षभर विखुरलेले नव्हतेच. मृगाचा पाऊस पडला की जूनच्या मध्यावर एक दाट पट्टा. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन काढणीचा दुसरा, सगळ्यांत दाट. मे महिन्यात लग्नांचा तिसरा. मधले महिने जवळजवळ कोरे. माझ्या सतरापैकी बाराजणांच्या घरी गंगापूर, पैठण, अंबड, गेवराई तालुक्यांत दोन-चार एकर कोरडवाहू आहे. उभं सोयाबीन पावसात सापडलं तर शेंगा काळ्या पडतात, दाण्याला कोंब फुटतात. मजूर त्या आठवड्यात मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पोरगा घरी जाणार म्हणजे जाणारच. तो सांगून जाईल की न सांगता जाईल, एवढंच काय ते आपल्या हातात असतं.

आम्ही मग मे महिन्यातच एक तक्ता करायला लागलो. माणसांच्या दोन तुकड्या. पहिली पेरणीला आधी जाणार, दुसरी ती परत आल्यावर. काढणीला उलटा क्रम. कारखाना कायद्यातला वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजेचा हिशोब मी शेडला लावला, म्हणजे काढणीचे चार-पाच दिवस बिनपगारी जात नाहीत. मागं राहिलेल्यांना ओव्हरटाइम दुप्पट दरानं. चालू पार्टचा आठवड्याचा स्टॉक दसऱ्याआधीच मारून ठेवायचा. पहिल्या वर्षी दोघांनी तक्ता मोडला. दुसऱ्या वर्षापासून ते एकमेकांनाच सांगायला लागले, "तुझी पाळी झाली, आता मला जाऊ दे." खाडे संपले नाहीत. पण सकाळी साडेआठला तीन प्रेस बंद आणि फोन लागत नाही, ही अवस्था संपली.

त्या मस्टरमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. आमच्याकडे पॅकिंग आणि तपासणीला चार बायका आहेत. त्यांच्या ओळीत सगळ्यांत कमी ठिपके होते. मेसेजमध्ये मात्र सगळीकडे "पोरं, पोरं". कितीतरी शेडमध्ये बायकांसाठी वेगळं संडास नाही, शिफ्ट सुटायची वेळ शेवटच्या बसला जुळत नाही, आणि मालक म्हणतो माणसं मिळत नाहीत.

"बाहेरचा कामगार सुट्टी मागत नाही." 8 मे 2020 ची पहाट आठवा. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर लॉकडाऊनमध्ये गावाकडे निघाले होते. गाडी नाही, पास नाही, म्हणून रुळांवरून चालत. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळाजण गेले. रुळांवर पडलेल्या चपात्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. या माणसांना घराची ओढ नसते, असं आपल्याच जिल्ह्यांतल्या मालकांनी तरी म्हणू नये. तो रोज बारा तास राबतो, कारण त्याचं घर हजार किलोमीटरवर आहे आणि खोलीवर जाऊन करायला दुसरं काही नाही. होळीला, छठला तोही महिनाभर जातो. माझ्याकडे बिहारचे दोन वेल्डर आहेत, चांगले आहेत, आणि त्यांच्या रजाही त्याच तक्त्यात लिहिलेल्या असतात.

"शिकवलं की पळतो." पाच-सहा वर्षांपूर्वी माझा एक सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (साचा) बसवणारा, सोडून गेला. अंबडकडचा पोरगा, आयटीआय झालेला, डाय सेट करायला मीच शिकवलेला. आतून खूप लागलं होतं. गेटवर त्याला विचारलं, तिकडं किती देणार? माझ्यापेक्षा फक्त आठशे रुपये जास्त होते. मी म्हणालो, एवढ्यासाठी चाललास? तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, पैशाचं नाही. तिकडं सात तारीख म्हंजे सात तारीख. इथं इचारावं लागतं. आन् मला इचारायची लाज वाटती."

त्या वर्षी माझा पगार कधी दहाला, कधी सोळाला व्हायचा. कारण खरं होतं, वरच्या कंपनीकडून बिल अडकायचं. पण त्याच्या खोलीचं भाडं पाच तारखेला होतं. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हा कायदाच आहे. आणि वरून पैसे अडकतात त्यालाही कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, पुढे गेलं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठी ऑनलाइन तक्रार करता येते. काम जाईल म्हणून आपण करत नाही, हे मी समजू शकतो, मीही कचरतो. पण आपली ती भीती आपण कामगाराच्या पगारात उतरवतो, आणि तो गेला की त्याला पळपुटा म्हणतो. त्यानंतर मी एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवली. साठायला चौदा महिने लागले. आता तारीख चुकत नाही. सोडून जाणारे अजूनही आहेत, चाकणशी मी पगारात बरोबरी करू शकत नाही. पण न शिकवलेला माणूस जन्मभर टिकला तरी उपयोग काय? एका कच्च्या हेल्परच्या चुकीच्या सेटिंगनं माझी डाय फुटली होती, दुरुस्तीला नऊ दिवस गेले. शिकवायचा खर्च झेपत नसेल तर अप्रेंटिस घ्या. चारपासून पुढे माणसं असलेल्या आस्थापनेला घेता येतात, आणि केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचे 25 टक्के, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं.

"वीसच्या आत ठेवा, कागद करू नका." या सल्ल्यानं माणूस देशोधडीला लागू शकतो. वीसचा आकडा पीएफचा आहे. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, दहा माणसांपासून लागतो, 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना. मालकाचा वाटा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. बारा हजार पगाराला मालकाचे 390 रुपये आणि कामगाराचे 90. एवढ्यात त्याच्या घरच्यांचा दवाखाना होतो, आणि कामावर हात सापडला तर भरून येईपर्यंत पगाराच्या 90 टक्के त्याला मिळतात.

दहाच्या आत माणसं असतील तर सुटलो, असंही नाही. नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा एका माणसालाही लागू होता, आणि तीच तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. पंचवीस वर्षांचा, बारा हजार पगाराचा मुलगा कामावर दगावला तर हिशोब असा: पगाराचा अर्धा भाग 6,000, त्याला वयाच्या तक्त्यातला 216.91 हा गुणक. झाले 13,01,460 रुपये. सहा माणसांच्या शेडच्या मालकानं हे कुठून आणायचे? यासाठी विमा मिळतो. पण तो मुलगा आपला कामगार आहे याचा कागदच नसेल तर विम्याचा दावा कशाच्या जोरावर मांडणार? 21 नोव्हेंबर 2025 ला चार श्रम संहिता लागू झाल्या आणि नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं. माझं नियुक्तीपत्र एका पानाचं आहे, मराठीत. काम काय, पगार किती, तारीख कोणती, साप्ताहिक सुट्टी कधी, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. भांडण झालं तेव्हा ते पान दोनदा माझ्या बाजूनं बोललंय.

पाच वर्षांचं म्हणाल, तर पाच वर्षं भरली की सोडताना द्यावी लागणारी रक्कम, म्हणजे ग्रॅच्युइटी, टाळण्यासाठी माणूस काढायचा हा हिशोब करून तरी बघा. अठरा हजाराच्या सेटरची पाच वर्षांची ग्रॅच्युइटी (पगार गुणिले 15 भागिले 26, गुणिले वर्षं) या सूत्रानं सुमारे 52,000 होते. वर्षाला साडेदहा हजारांच्या आत. पाच वर्षांत ज्याचा हात बसला तो माणूस एवढ्यासाठी घालवायचा?

राहिली उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. हा शब्द मराठवाड्यानं ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलाय, आणि त्यानं काय केलं ते बीडच्या तांड्या-वस्त्यांवर जाऊन विचारा. अडीअडचणीला उचल देणं वेगळं. ती फिटेपर्यंत जाऊ न देणं, त्यासाठी मूळ गुणपत्रिका आणि टीसी कपाटात ठेवून घेणं, ही वेठबिगारी आहे आणि 1976 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. माझ्याकडे उचलीचा हप्ता वहीत लिहिलेला असतो, दोघांच्या सह्या असतात, आणि बाकी असली तरी माणूस जाऊ शकतो. मागच्या वर्षी एक वेल्डर नऊ हजार बाकी असताना गेला. मला धाकधूक होती. त्यानं तीन हप्त्यांत फोनवरून पैसे पाठवले. तिसऱ्या हप्त्यानंतर त्याचा फोन आला, धाकट्या भावाला पाठवू का? भाऊ आता दोन नंबरच्या प्रेसवर आहे. या जूनमध्ये पेरणीच्या पहिल्या तुकडीत त्याचं नाव आहे.