सरांचं काय?

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. माझा पंधरा वर्षांचा भाचा पुण्यात टेनिस खेळतो. मॅचच्या आदल्या रात्री त्याला उलट्या होतात, समुपदेशकाकडे न्यावं का, एवढंच ताईने विचारलं होतं. काका म्हणाले, ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं. दोन रट्टे कमी पडलेत.’ मग जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका हिचा विषय निघाला. 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदेला गेली नाही म्हणून तिला 15 हजार डॉलर दंड झाला आणि नैराश्याबद्दल सांगून तिने स्पर्धाच सोडली. काकांच्या मते नखरे, त्यांच्या सुनेच्या मते हिंमत. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. ‘तू मेलबर्नला आहेस, तिकडे काय करतात?’

तिकडे टेनिसपटू ॲश बार्टी झाली. 2014 मध्ये, अठराव्या वर्षी, तिने रॅकेट बाजूला ठेवली, मग ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेटही खेळली आणि परत आली. 2022 ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोन महिन्यांत, पंचविसाव्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर असताना निवृत्त झाली. माझ्या ओळखीत तरी तिला कुणी पळपुटी म्हटलं नाही. पण हाच देश टेनिसपटू येलेना डोकिचचाही आहे. 2000 साली विम्बल्डनची सेमीफायनल हरल्यावर वडिलांनी हॉटेलवर येऊ नको म्हटलं आणि ती खेळाडूंच्या लाउंजमध्येच लपून राहिली, हे तिने पुढे स्वतः लिहिलं. तेव्हा ‘तिकडे’ म्हणजे स्वर्ग नव्हे. इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर वर्षाला सायकॉलॉजिस्टच्या दहा सेशनपर्यंत सरकार पैशांचा भार उचलतं खरं, पण माझ्या लेकीला पहिली वेळ मिळायला अकरा आठवडे गेले.

मला मात्र या वादात एक माणूस कुठेच दिसला नाही. सर.

लेकीच्या क्लबमधला कोच एका शनिवारी पार्किंगमध्ये गाडीत बसलेला दिसला. इंजिन बंद, मांडीवर न उघडलेलं सँडविच. सहा वर्षं घडवलेली मुलगी मोठ्या अकॅडमीत गेली होती आणि ते त्याला तिच्या आईच्या मेसेजवरून कळलं होतं. पाऊस पडला की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. पुण्यात भाच्याचे सर पहाटे साडेपाचला कोर्टवर असतात. पोरगं लागोपाठ तीन मॅच हरलं की जाळीबाहेर पालकांची कुजबुज सुरू, सर बदलू या का. त्या माणसाने रोज पोराला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणायचं!

यात पैशाची गोष्ट आहेच. 2023 मध्ये टेनिसपटू सुमित नागल म्हणाला होता की खात्यात 900 युरो उरलेत, आणि एकच कोच घेऊन फिरायचं तरी वर्षाला 80 लाख ते 1 कोटी लागतात. फिजिओ त्यात नाही. तेव्हा तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. पोलंडची टेनिसपटू इगा श्वियाँतेक सायकॉलॉजिस्टला सोबत घेऊन फिरते, असं मी ग्रुपवर टाकलं तर काका म्हणाले, ‘तिला परवडतं.’ त्या दिवसातलं त्यांचं हे एकच वाक्य मला पटलं.

ताईला मी म्हटलं, पोराला ने, वाट बघू नकोस. आणि सरांना एकदा चहाला बोलाव, पोराचा विषय न काढता. तिने बोलावलं. सर तासभर बोलले म्हणे, बहुतेक वेळ कोर्टाच्या भाड्याबद्दल.