भिक्खूंना औषध वर्ज्य होतं? महावग्ग काढून बघा

सध्या एक संदेश फिरतोय: 'बुद्धाने भिक्खूंना गोमूत्राशिवाय औषध घेऊ दिलं नाही, शस्त्रक्रियेवर बंदी घातली, आजाऱ्यांना संघाचं दार बंद केलं. शरीर अनित्य, मग त्याची काळजी कशाला?' चारही विधानांना विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमग्रंथातल्या (महावग्ग हा त्याचाच भाग), कशाचा तरी वास आहे, म्हणून लोक बेधडक पुढे पाठवतात.

आधी गोमूत्र. दीक्षेच्या वेळी भिक्खूला चार आधार सांगतात: भिक्षान्न, चिंध्यांचं चीवर (भिक्खूचं वस्त्र), झाडाखालचा निवारा आणि आंबलेल्या मूत्राचं औषध. काहीच मिळालं नाही तर एवढ्यावर भागवायची तयारी हवी, इतकंच. लगेच पुढे म्हटलंय की तूप, लोणी, तेल, मध, काकवी मिळाली तर तीही चालेल. संदेशकर्त्याने नेमकं तिथेच वाचन थांबवलं.

ही पाच औषधं आली कशी, तेही महावग्गात आहे. श्रावस्तीत शरद ऋतूच्या आजाराने भिक्खूंना पेजसुद्धा पचेना, उलट्या होऊन अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तेव्हा ती आधी माध्यान्हापूर्वी आणि तेवढ्याने भागेना म्हणून अवेळीही घ्यायची मुभा मिळाली. शिस्त आली ती नंतर. राजगृहात पिलिंदवच्छ या भिक्खूंच्या शिष्यांनी औषधांचे माठ भरून ठेवले, ते पाझरू लागले, विहारात उंदीर झाले आणि लोक म्हणू लागले, हे श्रमण बिंबिसार राजासारखी कोठारं भरतायत! मग औषधं साठवायला सात दिवसांची मर्यादा आली. म्हणजे आक्षेप साठेबाजीला होता, औषधाला नाही.

शस्त्रक्रियेबद्दल अर्धसत्य आहे. आकासगोत्त नावाच्या वैद्याने एका भिक्खूचं भगंदर कापलं, तेव्हा बुद्धाने गुह्यभागी आणि त्याच्या आसपास दोन बोटांच्या अंतरात शस्त्र लावायला मनाई केली. तिथली कातडी नाजूक, जखम भरायला कठीण, हे कारणही दिलंय. पण त्याच प्रकरणात गळू चिरायला परवानगी आहे. पाठोपाठ काढ्याचं पाणी, तिळाचा लगदा, पट्टी, खाज सुटली तर मोहरीची पूड, जखमेवर मांस वाढलं तर मिठाच्या खड्याने कापणं, असं एकेक येत जातं. एखाद्या परिचारकाच्या वहीत शोभेल अशी ही यादी आहे.

दार बंद केल्याची गोष्ट जीवकाची. मगधात कुष्ठ, गंड (गळवं), किलास (त्वचारोग), शोष (क्षय) आणि अपस्मार (फिट येणं) पसरले होते. जीवक राजाचा आणि संघाचा वैद्य. त्याचे उपचार मिळावेत म्हणून लोक भिक्खू व्हायचे आणि बरे झाले की चीवर सोडायचे. असा एक माणूस भेटल्यावर जीवकानेच बुद्धाला विनंती केली की या पाच रोगांच्या लोकांना दीक्षा देऊ नये. आजच्या नजरेला हा नियम खटकतो, आणि खटकावाच. पण तो नव्याने येणाऱ्यांसाठी होता. संघात असताना आजारी पडलेल्याला तो लागू नव्हता.

उरला 'शरीराची काळजी कशाला'. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू बुद्धाला दिसला. तो कुणाच्या कामी येत नव्हता, म्हणून बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धाचा शिष्य आनंद याने पाणी आणलं, बुद्धाने ते ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, मग दोघांनी उचलून मंचकावर ठेवलं. त्यानंतर नियम झाला: उपाध्यायाने शिष्याची आणि शिष्याने उपाध्यायाची शुश्रूषा करायची, बरा होईपर्यंत, वेळ पडली तर जन्मभर. कुणीच नसेल तर संघाने करायची. टाळली तर दोष लागतो. आणि रुग्ण दगावलाच, तर त्याचं पात्र आणि चीवर संघाने शुश्रूषा करणाऱ्यालाच द्यायचं.